जुनी फ्लॉपी, नवा ड्राइव्ह: काय वाचता येतं आणि काय चुकूनही लिहू नये?

घर आवरताना, शाळेचं जुनं कपाट उघडताना किंवा बंद पडलेल्या डीटीपी सेंटरचं सामान हलवताना फ्लॉपीचा एखादा डबा अजूनही सापडतो. त्यावर पेनानं 'स्मरणिका', 'वंशावळ' किंवा 'दिवाळी अंक' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ही डिस्क आज वाचायची कशी? ती ज्या ड्राइव्हमध्ये भरली होती तो मिळत नाही. जास्त क्षमतेचा, नंतरच्या पिढीचा ड्राइव्ह मात्र मिळू शकतो. मग जुनी डिस्क त्यात चालते का?

बहुतेक वेळा चालते, पण एका अटीवर. ती अट माहीत नसल्यामुळे वाचता येण्यासारख्या डिस्कसुद्धा कायमच्या वाया जाऊ शकतात.

थोडक्यात उत्तर

नवा, जास्त क्षमतेचा ड्राइव्ह जुनी, कमी क्षमतेची डिस्क सहसा वाचू शकतो. त्याच डिस्कवर लिहिणं मात्र धोक्याचं असतं, आणि काही ड्राइव्हमध्ये ते शक्यच नसतं. उलट दिशेनं, म्हणजे नवी डिस्क जुन्या ड्राइव्हमध्ये, काहीच चालत नाही. म्हणून नियम सोपा आहे: जुनी डिस्क नव्या ड्राइव्हमध्ये फक्त वाचायची. तिच्यावर काही लिहायचं नाही, काही पुसायचं नाही आणि फॉरमॅट तर अजिबात करायची नाही.

हा प्रश्न गावाकडे का महत्त्वाचा?

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ घ्या. हे हुतात्मा बाबू गेनू यांचं जन्मगाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड नेणारा ट्रक अडवताना त्यांना हौतात्म्य आलं. अशा गावांबद्दलचा मजकूर मोठ्या प्रकाशनांपेक्षा स्मरणिका, शाळेचे अंक, देवस्थानाच्या पुस्तिका आणि घराण्यांच्या वंशावळी यांतच जास्त असतो. १९९० नंतर असा मजकूर खिळे जुळवून छापण्याऐवजी संगणकावर जुळवला जाऊ लागला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं 'श्रीलिपी', पुण्यातल्याच सी-डॅकचं 'आयएसएम' आणि 'आकृती' ही त्या काळातली ओळखीची नावं. डीटीपी सेंटरमधून छापखान्यात काम न्यायचं तर फ्लॉपीवर न्यायचं, आणि फोटो जास्त असतील तर झिप डिस्कवर.

छापलेल्या प्रती वाटल्या जातात, भिजतात, रद्दीत जातात. न छापलेले फोटो, कापलेला मजकूर, गाळलेली नावं मात्र त्या डिस्कवरच राहिलेली असतात. समजा, अशा एखाद्या गावात १९९६ सालच्या स्मरणिकेची डिस्क सापडली. ती कदाचित त्या मजकुराची जगातली एकमेव प्रत असेल. म्हणून ती ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पुढची माहिती वाचा.

सव्वापाच इंची फ्लॉपी: सगळ्यात फसवी जोडी

ही मोठी, वाकणारी, काळी फ्लॉपी. तिचे पीसीवर दोन मुख्य प्रकार होते. जुनी ३६० केबीची आणि १९८४ साली आयबीएमच्या 'पीसी एटी' संगणकाबरोबर आलेली १.२ एमबीची. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच.

डिस्कवरची माहिती गोल गोल पट्ट्यांमध्ये असते. त्यांना ट्रॅक म्हणतात. ३६० केबीच्या फ्लॉपीवर एका बाजूला ४० ट्रॅक असतात आणि प्रत्येकाची रुंदी साधारण ०.३३ मिलिमीटर असते. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये तेवढ्याच जागेत ८० ट्रॅक बसवले आहेत, म्हणून त्याचं वाचणारं-लिहिणारं हेडही अरुंद आहे, साधारण ०.१६ मिलिमीटरचं. अरुंद हेड रुंद ट्रॅक सहज वाचतं. अडचण लिहिताना येते.

भिंतीवर चार बोटं रुंद लाल पट्टा आहे असं समजा. त्याच्या मधोमध दोन बोटं रुंद ब्रशनं निळा पट्टा ओढला, तर दोन्ही कडांना लाल रंग उरतो. १.२ एमबीच्या ड्राइव्हनं ३६० केबीच्या डिस्कवर लिहिलं की नेमकं हेच होतं. नव्या ड्राइव्हला निळा पट्टा नीट दिसतो, कारण त्याचं हेड तेवढंच आहे. पण तीच डिस्क जुन्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचं रुंद हेड निळा आणि लाल दोन्ही एकदम वाचतं आणि गोंधळतं. नवी माहिती वाचता येत नाही, आणि जुनी तर आधीच पुसली गेलेली असते.

दुसरी चूक म्हणजे ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबी म्हणून फॉरमॅट करणं. दोन्हींचा चुंबकीय लेप वेगळा आहे. जुन्या लेपावर खूण उमटवायला साधारण ३०० ओर्स्टेड इतकी चुंबकीय ताकद लागते, तर नव्याला साधारण ६००. नव्या ड्राइव्हचा जोरदार ठसा जुन्या लेपावर नीट धरत नाही. फॉरमॅट झाल्यासारखं वाटतं, पण माहिती टिकत नाही.

साडेतीन इंची फ्लॉपी: इथे काम सोपं, पण भोक पाहा

कडक प्लॅस्टिकची ही फ्लॉपी बहुतेकांना आठवत असेल. हिच्यातही दोन मुख्य क्षमता: ७२० केबी आणि १.४४ एमबी. १.४४ एमबीची फ्लॉपी १९८७ साली आयबीएमच्या 'पीएस/२' संगणकांबरोबर पीसीवर आली. दोन्ही प्रकारांत एका बाजूला ८० ट्रॅकच असतात, त्यामुळे हेडच्या रुंदीचा घोळ इथे नाही. १.४४ चा ड्राइव्ह ७२० ची फ्लॉपी व्यवस्थित वाचतो.

फरक ओळखायचा तो भोकांवरून. ७२० केबीच्या फ्लॉपीला एकाच कोपऱ्यात भोक असतं, सरकपट्टीचं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला समोरच्या कोपऱ्यात आणखी एक भोक असतं. ड्राइव्ह या दुसऱ्या भोकावरून डिस्कची क्षमता ओळखतो.

त्यातून एक गंमत होते. काही जुने ड्राइव्ह हे भोक तपासतच नसत. त्यांच्यात १.४४ ची फ्लॉपी चुकून ७२० म्हणून भरली जाई. आजच्या ड्राइव्हला भोक दिसतं, तो १.४४ समजून वाचायला जातो आणि 'डिस्क वाचता येत नाही' असं सांगतो. अशा वेळी त्या दुसऱ्या भोकावर प्रकाश आरपार जाणार नाही अशी चिकटपट्टी लावली की फ्लॉपी वाचता येऊ शकते. चिकटपट्टी सपाट लावा, सुटून आत अडकायला नको.

उलटा प्रकारही होता. पैसे वाचवण्यासाठी ७२० च्या फ्लॉपीला भोक पाडून ती १.४४ म्हणून वापरली जाई. हातानं पाडलेलं, वेडंवाकडं भोक दिसलं तर ती फ्लॉपी सगळ्यात आधी वाचून घ्या. तिच्यावरची माहिती सर्वांत कच्ची असते.

झिप डिस्क: तीन पिढ्या, तीन नियम

आयोमेगा कंपनीची १०० एमबीची झिप डिस्क १९९५ च्या सुमारास बाजारात आली. एका डिस्कमध्ये साधारण ६८ फ्लॉप्यांचा मजकूर मावायचा, म्हणून छपाईच्या धंद्यात ती लवकर रुळली. पुढे २५० एमबी आणि २००२ साली ७५० एमबीचे ड्राइव्ह आले. त्यांचं एकमेकांशी जमतं ते असं:

• १०० चा ड्राइव्ह: फक्त १०० ची डिस्क वाचतो आणि लिहितो. मोठ्या डिस्क चालत नाहीत.
• २५० चा ड्राइव्ह: १०० आणि २५० दोन्ही वाचतो, दोन्हींवर लिहितो. पण १०० च्या डिस्कवर लिहिताना फार हळू चालतो.
• ७५० चा ड्राइव्ह: २५० आणि ७५० वाचतो-लिहितो. १०० ची डिस्क फक्त वाचतो, तिच्यावर लिहू शकत नाही.

म्हणजे १९९६ ची स्मरणिका १०० च्या झिपवर असेल, तर तिच्यासाठी ७५० चा ड्राइव्हही चालेल. उलट तो जास्त सुरक्षित, कारण त्याला १०० च्या डिस्कवर काही लिहिताच येत नाही.

झिपच्या बाबतीत एक धोका मात्र मोठा आहे. ड्राइव्हचं हेड बिघडलं की तो 'टक-टक-टक' असा आवाज करत राहतो. याला 'क्लिक ऑफ डेथ' असं नाव पडलं होतं आणि अमेरिकेत १९९८ साली त्यावरून कंपनीविरुद्ध खटलाही झाला. बिघडलेला ड्राइव्ह डिस्कची कड खराब करू शकतो, आणि ती खराब डिस्क दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हचं हेड बिघडवू शकते. म्हणून जुना झिप ड्राइव्ह विकत किंवा उसना घेतला, तर महत्त्वाची डिस्क लगेच घालू नका. आधी बिनमहत्त्वाची डिस्क घालून पाहा. आवाज आला तर तिथेच थांबा, आणि ती चाचणीची डिस्कही दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका.

डिस्क घालण्याआधी या तीन गोष्टी करा

१. लिहिण्यावर कुलूप लावा. साडेतीन इंची फ्लॉपीची सरकपट्टी अशी सरकवा की भोक उघडं दिसेल. भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचं नेमकं उलटं आहे. तिच्या कडेला चौकोनी खाच असते, ती चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद होतं. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर कुलूप लावायला जाऊन तुम्ही ते उघडाल. झिप डिस्कला अशी पट्टी नसते. तिचं कुलूप सॉफ्टवेअरमधून लागतं.

'मी तर फक्त बघणार आहे, मग कुलूप कशाला?' असं वाटेल. पण संगणक तुम्हाला न विचारता लिहितो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फ्लॉपी नुसती उघडली, तरी तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये संगणक स्वतःची खूण टाकून ठेवत असे.

२. बुरशी पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या फ्लॉपीला बुरशी येणं अगदी साधी गोष्ट आहे. साडेतीन इंचीचं धातूचं झाकण बोटानं हळूच सरकवा, आतली चकती उजेडात फिरवून पाहा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते, लेप खरवडला जातो आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खराब होते. अशा डिस्क वेगळ्या ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या.

३. संगणक आधी सुरू करा, डिस्क नंतर घाला. फ्लॉपी आत असताना जुना संगणक सुरू केला तर बूट सेक्टरमधला व्हायरस जागा होऊ शकतो. यातला एक तर आपल्याच आडनावाचा होता. १९९० साली भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस दरवर्षी ५ जानेवारीला संगणक अडवायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावायचा.

वाचण्याची योग्य पद्धत

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. तो १.४४ वाचतो आणि त्यातले बहुतेक ७२० पण वाचतात. झिपसाठी यूएसबीचा झिप ड्राइव्ह सगळ्यात सोयीचा. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला जोडायचा ड्राइव्ह आजच्या लॅपटॉपला लागत नाही. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना संगणक किंवा 'ग्रीसवीझल'सारखं खास सर्किट लागतं. जुन्या सामानाची चौकशी पुण्यात तपकीर गल्लीत किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर करता येते.

ड्राइव्ह मिळाल्यावर क्रम असा ठेवा:

• आधी संपूर्ण डिस्कची 'इमेज' काढा. इमेज म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, एकाच फाइलमध्ये. विंडोजवर 'विनइमेज' आणि लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' हे काम करतात. खराब जागा आली तरी डीडीरेस्क्यू पुढे जातो आणि सोडलेल्या जागा नंतर पुन्हा वाचून पाहतो.
• इमेजचा आकार तपासा. १.४४ च्या फ्लॉपीची पूर्ण इमेज १४,७४,५६० बाइट्सची असते, ७२० ची ७,३७,२८० बाइट्सची, १.२ एमबीची १२,२८,८०० आणि ३६० केबीची ३,६८,६४० बाइट्सची. आकडा कमी असेल तर प्रत अपुरी आहे.
• त्यानंतर मूळ डिस्क काढून ठेवा. फाइल उघडणं, शोधणं, दुरुस्त करणं हे सगळं इमेजवर करा.
• इमेज निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकाच पेनड्राइव्हवर ठेवली, तर आपण पुन्हा तिथेच आलो.

'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर?

'नाही' म्हणा. 'कॅन्सल' दाबा. हा प्रश्न डिस्क रिकामी आहे म्हणून येत नाही. संगणकाला तिची रचना ओळखता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क अ‍ॅपल मॅकिंटॉशवर भरलेली असू शकते, कारण छपाईच्या कामात मॅक बरेच वापरले जात. १.४४ ची मॅक फ्लॉपी पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, फक्त तिची रचना समजणारं सॉफ्टवेअर लागतं. मॅकची जुनी ८०० केबीची फ्लॉपी मात्र पीसीच्या साध्या ड्राइव्हमध्ये वाचता येत नाही, कारण ती फिरवण्याचा वेगच ट्रॅकनुसार बदलत असे.

दुसरा ड्राइव्ह वापरून पाहणं हाही चांगला उपाय आहे. एका ड्राइव्हला न वाचता आलेली फ्लॉपी दुसरा कधीकधी सहज वाचतो, कारण प्रत्येकाच्या हेडची जागा किंचित वेगळी असते.

फाइल मिळाली, पण मराठी दिसत नाही

इथे बरेच जण 'फाइल करप्ट झाली' असं समजून सोडून देतात. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीनं इंग्रजी अक्षरांच्या जागी स्वतःच्या पद्धतीनं मराठी अक्षरं बसवली होती. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर मजकूर विचित्र खुणांसारखा दिसतो.

डिस्कवर 'टीटीएफ' अशा शेपटीच्या फाइल असतील तर त्या आधी जपा. तोच तो फॉन्ट असण्याची शक्यता आहे. फॉन्ट बसवून मजकूर वाचता आला की लगेच त्याची पीडीएफ करा, म्हणजे पानं जशी होती तशी टिकतील. मग फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणा, म्हणजे तो शोधता येईल आणि शेअर करता येईल. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट तपासा, विशेषतः माणसांची आणि गावांची नावं. पानं पेजमेकरमध्ये केलेली असतील तर तो असलेला जुना संगणक शोधा. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली होती.

सीडी आणि मेमरी कार्डाचं काय?

नियम तोच. डीव्हीडी रायटर सीडी वाचतो, ब्लू-रे ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण उलट होत नाही. लग्नाची सीडी साध्या प्लेअरमध्ये दिसत नसेल तर ती रायटरमध्ये घालून पाहा. रेकॉर्डिंग 'फायनल' न केलेली सीडी कधीकधी रायटरच वाचू शकतो. मेमरी कार्डांतही नवा रीडर २ जीबीपर्यंतचं जुनं एसडी कार्ड वाचतो, पण जुन्या रीडरला ३२ जीबीचं एसडीएचसी कार्ड ओळखता येत नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड सापडलं तर त्यावर नवे फोटो काढण्याआधी जुने उतरवून घ्या. कार्डालाही बाजूला छोटं कुलूप असतं, तेही आधी लावा.

किती घाई करायची?

सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. जपान सरकारनं २०२४ साली आपल्या नियमांमधली फ्लॉपीची सक्ती काढून टाकली. म्हणजे नवे ड्राइव्ह कमी होत जाणार, जुने झिजत जाणार आणि डिस्कवरचा लेपही वर्षागणिक सुटत जाणार. डबा सापडला असेल तर या वर्षीच्या पावसाळ्याआधी वाचून घ्या. डिस्कवर नाव घातलेलं असेल आणि ती व्यक्ती हयात असेल, तर तिला आधी विचारा. मजकूर कुणाचा, फोटोत कोण, फॉन्ट कोणता होता, हे सांगणारं माणूस डिस्कइतकंच मोलाचं आहे.

आणि हे सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: आधी कुलूप, मग वाचन, मग प्रत. मूळ डिस्कवर लिहायचं नाही.